आंघोळीचं सुतक

«ताई, मी ५१ वर्षांची. फोंडा तालुक्यात राहते, एका पतसंस्थेत हिशेब लिहिते. मुलगा पुण्याला असतो. रात्री भांडी आवरली की तासभर फोन बघते आणि हमखास रडते. कुठे दरड कोसळलेली असते, कुठे अपघात, कुठे हॉस्पिटलच्या दाराशी धन्याची वाट बघत बसलेला कुत्रा. धरणात बुडालेल्या कुर्डी गावाचा व्हिडिओ बघूनही रडले. मी कुर्डीला कधी गेलेली नाही. आणि रडता रडताच बोट वर सरकतं, पुढच्या व्हिडिओत कोणी काहीतरी गमतीचं करतं आणि मी हसते. गाल अजून ओले असतात. मागच्या महिन्यात आमच्या शेजारच्या काकी गेल्या. बावीस वर्षांचा शेजार. मी दोन दिवस तिथेच होते, पण डोळ्यांतून टिपूस आलं नाही. जाऊबाई चार बायकांसमोर म्हणाल्या, ‘हिचं रडणं फोनमधल्या माणसांसाठी.’ ते फार लागलं. माझं रडणं खोटं आहे का? आणखी एक. अपघातात गेलेल्या एका लहान मुलीचा फोटो मी फोनमध्ये ठेवलाय. शाळेचा युनिफॉर्म, दोन वेण्या, लाल रिबिनी. ना ओळख ना पाळख. रोज उघडून बघते. हे बरं लक्षण नव्हे ना?»

बाय, आधी त्या दोन दिवसांविषयी बोलू. पत्रात तुम्ही ते एका ओळीत उरकलेत. ‘दोन दिवस तिथेच होते.’ काय करत होतात तिथे? तुम्ही लिहिलं नाही, पण आपल्याकडची घरं मला ठाऊक आहेत. माणूस गेलेल्या घरात चूल पेटत नाही, पेज शेजारून जाते. आलेल्या-गेलेल्यांना चहा लागतो. पेपरात निधनाची बातमी द्यायला बरा फोटो शोधावा लागतो आणि तो कपाटात कुठल्या पिशवीत आहे हे घरच्यांना त्या वेळी सुचत नाही, शेजारणीला सुचतं. रडणाऱ्या लेकीला धरून बसायचं असतं, तिच्या मुलाला भूक लागलीय हे कोणाच्या तरी लक्षात यावं लागतं. ज्या घरात पाच माणसं रडत असतात तिथे न रडणारं एक माणूस लागतंच. त्या घरात ते तुम्ही होतात, असं मला वाटतं. जाऊबाईंनी डोळे पाहिले, हात पाहिले नाहीत.

अशा वेळी शरीर कामाला जुंपलेलं असतं आणि रडू मागे राहतं. कधी ते महिन्याने येतं, काकींच्या अंगणातल्या दोरीवर कपडे नाहीत हे अचानक दिसल्यावर. कधी येतही नाही. दोन्ही चालतं. अश्रू हे दुःखाचं वजन करायचा काटा नव्हेत. तसे असते तर आपल्यातले अर्धे बाप्ये आईच्या अंत्ययात्रेत नापास झाले असते.

आता फोनमधलं रडणं. तुम्ही विचारता ते खोटं का. नाही, खोटं नाही. जत्रेच्या रात्री देवळासमोर नाटक बघायला आपण लहानपणी गोधड्या घेऊन जायचो, आठवतं? ज्या बायका घरी कधी डोळे पुसताना दिसल्या नाहीत त्या तिथे पदर तोंडाला लावून हुंदके द्यायच्या. रंगमंचावरची सून ही वाड्यावरच्याच कोणाचा तरी मुलगा लुगडं नेसून करतोय हे त्यांना माहीत असायचं. तरी रडू खरं असायचं. भरतमुनींनी आठ सात्त्विक भाव सांगितले, घाम, रोमांच, कंप वगैरे, त्यांत अश्रूही आहेत. त्यांना सात्त्विक म्हटलं ते मन एकाग्र झाल्याशिवाय ते येत नाहीत म्हणून. परक्याच्या गोष्टीने डोळे भरणं ही माणसाची जुनी, चांगली क्षमता आहे. आपल्या परंपरेने तर अशा माणसाला सहृदय म्हटलं.

पण नाटक आणि फोन यांत एक मोठा फरक आहे. नाटकाला पडदा होता. पडदा पडला की कोणीतरी खाज्याचा पुडा उघडायचं, अंधारातून घरी चालत जाताना ‘तिने सासूला तसं म्हणायला नको होतं’ वगैरे बोलणं व्हायचं, आणि उजाडेपर्यंत ते दुःख पचलेलं असायचं. फोनला पडदा नाही. एक गोष्ट संपत नाही तोच दुसरी. तुम्ही रडता रडता हसलात याची तुम्हाला जास्त लाज वाटते, हे पत्रातल्या त्या ओल्या गालांवरून मला जाणवलं. तुम्ही त्या मुलीवर हसला नाहीत. तिच्या पाठोपाठ गमतीचा व्हिडिओ ठेवायचा हे तुम्ही ठरवलेलं नव्हतं. आणि माणूस गेलेल्या घरात तरी काय होतं? तिसऱ्या दिवशी गेलेल्याची एखादी खोड कोणाला आठवते, सगळे हसतात आणि मग पुन्हा गप्प होतात. हसू आल्याने दुःख खोटं ठरत नाही, फक्त तिथे मध्ये थोडा श्वास घ्यायला मिळतो. फोनवर तेवढा मिळत नाही. लाज त्या न मिळालेल्या श्वासातून येतेय.

तुम्हाला एकाच मुलीचा चेहरा धरून बसतो आणि दरडीखाली गेलेली शेकडो माणसं नुसता आकडा वाटतात, हेही तुम्हाला कुठेतरी खुपत असेल. ३० जुलै २०२४ च्या पहाटे वायनाडमध्ये मुंडक्कई आणि चूरलमला या वस्त्यांवर डोंगर आला, दोनशेहून अधिक माणसं गेली. दोनशे म्हटल्यावर मनात चित्र उभं राहत नाही. दोन वेण्या आणि लाल रिबिनी म्हटल्यावर राहतं. २००७ साली अमेरिकेत काही संशोधकांनी हे मोजून पाहिलं. काही जणांना आफ्रिकेतल्या उपासमारीचे लाखांतले आकडे दाखवले, काहींना माली देशातल्या सात वर्षांच्या एका मुलीची गोष्ट सांगितली. मुलीची गोष्ट वाचलेल्यांनी दुपटीहून जास्त पैसे दिले. आणि ज्यांना मुलगी आणि आकडे दोन्ही दाखवले त्यांनी नुसती मुलगी पाहिलेल्यांपेक्षा कमी दिले. मला तो निष्कर्ष वाचून आधी वाईट वाटलं, मग थोडं हायसं. म्हणजे हा तुमचा-माझा कोतेपणा नाही. मनाचं दार एका वेळी एक माणूस आत येईल एवढंच आहे.

मग बिघडतं कुठे? आता माझी गोष्ट सांगते. ३ मे २०२५ च्या पहाटे शिरगावला देवी लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली. माझा भाचा धोंड, म्हणजे देवीचा व्रत धरणारा भक्त. उपास करून, हातात बेत म्हणजे वेताची काठी घेऊन तो तिथे गेला होता. बातमी आली तेव्हा त्याचा फोन लागेना. त्या दोन-अडीच तासांत मी व्हॉट्सॲपवर आलेली क्लिप किती वेळा पाहिली याची गणती नाही. त्या गर्दीत मी त्याला शोधत होते. सगळे धोंड, सगळ्यांच्या कमरेला धोतर, सगळ्यांच्या हातात बेत, ओळखणार कसं? साडेसातला त्याचाच फोन आला, सुखरूप होता. इथे माझं पाहणं थांबायला हवं होतं. थांबलं नाही. दोन दिवस मी तीच क्लिप पाहत राहिले. जेवताना, गाडीत, रात्री अंथरुणात. शेवटी माझ्या बहिणीने, म्हणजे त्याच्या आईने, फोन माझ्या हातातून घेतला आणि विचारलं, ‘आतां कोणाक सोदता गो तूं?’

आता कोणाला शोधतेस. बाय, मला उत्तर देता आलं नाही. पण तो प्रश्न मी अजून वापरते आणि तुम्हालाही देते. चौथ्यांदा तीच क्लिप उघडताना स्वतःला विचारायचा. वाईट बातमीकडे आपण पुन्हा पुन्हा जातो ते बहुतेक वेळा काहीतरी शोधायला: कोणी वाचलं का, कोणाची चूक, आपल्या माणसावर असं येईल का. उत्तर त्या क्लिपमध्ये नसतं, म्हणून पाहणं संपत नाही. २०१३ च्या एप्रिलमध्ये बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले, त्यानंतरच्या आठवड्यात लोकांची मनःस्थिती कशी होती याचा अभ्यास झाला. रोज सहा किंवा अधिक तास त्याच्या बातम्या आणि चित्रं पाहणाऱ्यांच्या मनावरचा ताण, प्रत्यक्ष स्फोटाच्या जागी किंवा जवळ असलेल्यांपेक्षाही जास्त भरला. ज्यांना मुळात जास्त त्रास होतो तेच जास्त पाहत असतील, असंही त्यात असू शकेल. पण माझ्या बहिणीने, जिचा मुलगा तिथे होता, ती क्लिप एकदाही पाहिली नव्हती. ती देवळात जाऊन आली, जखमींत गावचं कोणी आहे का याची चौकशी केली, एका घरी डबा पोचवला आणि दुसऱ्या रात्री झोपली. मी जागी होते.

आपल्या आज्यांकडे या बाबतीत एक माप होतं. सुतक. त्यातला विटाळाचा, बायकांना कोपऱ्यात बसवण्याचा भाग मला मान्य नाही आणि कधी होणारही नाही. पण दुःखाला नात्याप्रमाणे माप असावं, ही त्यातली समज मला वय वाढेल तशी मोठी वाटत गेली. जवळच्या भावकीला दहा दिवस. थोडं लांबचं नातं असेल तर तीन. आणि त्याहून लांबच्या कोणाची बातमी आली, किंवा महिन्यांनी कळली, तर नुसती आंघोळ. आमची आजी विहिरीवर असताना कोणीतरी येऊन सांगायचं, अमुक गावचा तमका गेला. ती ‘अरे देवा’ म्हणायची, हातातलं काम ठेवायची, डोक्यावरून पाणी घ्यायची, आणि ओल्या लुगड्यात क्षणभर उभी राहायची. मग लुगडं बदलून परत कामाला. आंघोळीचं सुतक म्हणायचे त्याला.

त्यात सगळं होतं बघा. बातमी ऐकून न ऐकल्यासारखं करणं नाही. पण दहा दिवस धरून बसणंही नाही. शरीराने करायची एक छोटीशी कृती, तिला सुरुवात आणि शेवट. थंड पाण्याचे दोन तांबे पडले की मनाला कळायचं, झालं, निरोप दिला.

तुम्ही रोज रात्री दहा-बारा अनोळखी माणसांचं दुःख घरात घेता, आणि एकालाही निरोप देत नाही. ते सगळे तुमच्याकडेच राहतात. तुमचं मन मऊ आहे हा दोष नाहीच. अडचण ही की त्या मऊ मनाला करायला काही मिळत नाही. काकींच्या घरी करायला होतं म्हणून तुम्ही उभ्या राहिलात. फोनवर नाही म्हणून कोसळता.

टानिया सिंगर नावाच्या मेंदू-संशोधक आहेत. २००४ मध्ये त्यांनी दाखवलं की जोडीदाराला वेदना होतेय हे नुसतं कळलं तरी आपल्या मेंदूतले काही भाग आपल्याला स्वतःला दुखल्यासारखे जागे होतात. हे झालं सहवेदनेचं. पण पुढे त्यांच्या गटाने लोकांना दोन वेगवेगळ्या प्रकारे शिकवून पाहिलं. नुसतं दुसऱ्याचं दुःख आत घ्यायला शिकवलं तेव्हा माणसं जास्त खिन्न झाली. ‘तुझं भलं होवो’ असा भाव मनात धरायला शिकवल्यावर तीच माणसं सावरली, आणि मेंदूतले कामाला लागलेले भागही वेगळे होते. आपल्या भाषेत या दोहोंना शब्द आहेतच: कळवळणं आणि करुणा. कळवळून माणूस जागच्या जागी राहतो. करुणा आली की तो उठतो.

तेव्हा उठायचं कसं, ते सांगते. मोठं काही नाही. रात्रीच्या फोनऐवजी बातम्या सकाळच्या पेपरात वाचा. तुमच्याकडे मराठी पेपर येत असेलच. छापील बातमीला शेवटची ओळ असते आणि तिच्यातून संगीत वाजत नाही. रात्री एखादी गोष्ट समोर आलीच आणि डोळे भरले, तर फोन उलटा ठेवा. तिथेच. बोट वर सरकायच्या आधी. रडू येतंय तेवढं येऊ द्या, ते अडवू नका. मग उठून काहीतरी करा, पाणी प्या, तोंडावर पाणी मारा, देवापुढे हात जोडा, तुमची जी रीत असेल ती. आजीची आंघोळ एवढ्या लहान आकारातही होते.

आणि एखाद्या दुःखाने खरंच घर केलं तर त्याला महिन्यातून एकदा पाय द्या. तुम्ही हिशेबातल्या आहात, तर हिशेबानेच द्या: महिन्याला एक ठरावीक रक्कम, सरकारी मदतनिधीला किंवा तुमच्या ओळखीच्या संस्थेला. रडवणाऱ्या व्हिडिओखाली दिलेल्या क्यूआर कोडवर मात्र पैसे पाठवू नका. आपल्या रडण्यावर टपून बसलेले फसवे लोकही आहेत. तब्येत बरी असेल, वजन ४५ किलोच्या वर असेल आणि डॉक्टर हो म्हणतील तर बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात रक्त देऊन या. बायकांना दर चार महिन्यांनी देता येतं. अपघाताच्या बातम्या वाचून कळवळणारी माझी एक मैत्रीण हे पंचावन्नाव्या वर्षी करायला लागली. ‘निदान आता मी बातमीच्या दुसऱ्या बाजूला आहे,’ म्हणते.

अपघाताच्या क्लिपा पुढे पाठवत असाल तर त्या आजपासून बंद. यात मी मऊपणाने सांगत नाही. शिरगावच्या त्या सकाळी माझ्यासारख्या कितीतरी जणी त्या क्लिपमध्ये आपलं माणूस शोधत होत्या. कोणाला ते तशा अवस्थेत दिसलं असतं तर?

तुम्ही कुर्डीचं लिहिलंत म्हणून सांगते. साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेलं ते सांगे तालुक्यातलं गाव, मोगूबाई कुर्डीकरांचं. एप्रिल-मे आला, पाणी उतरलं की जोती, विहिरी, वाळलेली खोडं वर येतात, आणि दरवर्षी तेच व्हिडिओ फिरतात, जगभरातली माणसं हळहळतात. मी दोन वर्षांमागे मे महिन्यात गेले होते. ज्यांची ती घरं, ते लोक त्या दिवशी गाड्या भरून आले होते. सोमेश्वराची पूजा, जेवणाची भांडी, नातवंडं. एक आजोबा गवतही न उगवलेल्या मातीवर काठी टेकून नातवाला दाखवत होते, ‘हें आमचें रांदचेंकूड.’ इथे स्वयंपाकघर. मुलाला तिथे काहीच दिसत नव्हतं, तरी तो त्या जागेतून चालताना वळसा घालून गेला, जणू चूल मध्ये आहे. डोळे ओले झाले होते तिथे पुष्कळांचे. मग सगळे जेवले, आणि उन्हं कलायच्या आत परतले. पावसात ते सगळं पुन्हा पाण्याखाली जातं. त्याच धरणाचं पाणी दक्षिण गोव्याच्या नळांना येतं. वर्षभर रडत बसणं त्यांना परवडणारं नव्हतं आणि विसरणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी एक दिवस ठरवला. पुढच्या मे महिन्यात तुम्ही तिथे जाऊन या. व्हिडिओपेक्षा कमी रडाल, जास्त काळ लक्षात ठेवाल.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे विचारते. रडू फक्त फोनसमोर येतं की कामावर, स्वयंपाक करताना, कारण नसताना येतं? झोप मोडते का? जेवणाची चव गेली आहे का, काकी गेल्यापासून काहीच करावंसं वाटत नाही असं दोन आठवड्यांहून जास्त चाललंय का? तसं असेल तर हा फोनचा प्रश्न राहिला नाही, आणि सदरातल्या उत्तराने तो सुटणार नाही. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. बांबोळीला मनोविकार आणि मानवी वर्तन संस्था आहे. तिथल्या ओपीडीत जाण्यात दाताच्या डॉक्टरकडे जाण्याहून जास्त काही नाही. कोणी बघेल म्हणून थांबू नका.

जाऊबाईंना उत्तर देऊ नका. त्यांनाही काकी गेल्याचं काहीतरी झालेलं असेल आणि ते असं तिरकं बाहेर पडलं असेल. त्याऐवजी काकींच्या लेकीकडे जा. बाराव्या-तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं, खरी रिकामी वेळ दुसऱ्या महिन्यात येते. तिला मेसेजवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि जोडलेले हात पुष्कळ मिळाले असतील. तुम्ही बावीस वर्षांतली काकींची एक आठवण घेऊन जा, तिला माहीत नसलेली. शेजारणीपाशी अशा आठवणी असतात.

आता तो फोटो. तुम्ही विचारलंत हे बरं लक्षण नव्हे ना. वाईट लक्षण नाही, पण तो फोटो ठेवू नका. ती मुलगी कोणाची तरी आहे. तिच्या आईच्या कपाटात तोच फोटो असेल आणि तो कोणाला द्यायचा हे ठरवायचा हक्क त्या आईचा. तिने तो तुम्हाला दिलेला नाही. पण असाच घाईघाईने पुसूनही टाकू नका, नाहीतर ती आणखी एकदा बिननिरोपाची जाईल. आज संध्याकाळी दिवेलागणीला फोटो उघडा. रिबिनी, वेण्या, सगळं एकदा नीट बघा. मनात जे येईल ते तिला सांगा. मग काढून टाका, आणि विहिरीवर नाही तर न्हाणीत जाऊन डोक्यावरून दोन तांबे पाणी घ्या.